‘टाइप जनरेट करणे’ मराठीत कसं लिहावं?

शिक्षिका, सोलापूर :
डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीतून टिपणं लिहिते आहे. पुढचा धडा असा : टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली एक्सएमएल फाइल (हिच्यात प्रत्येक माहितीला नावाचा टॅग लावलेला असतो) घ्यायची आणि तिच्यावरून प्रोग्रामिंग भाषेतल्या टाइप-व्याख्या, म्हणजे कोणत्या जागी कोणत्या प्रकारची माहिती येणार ते सांगणाऱ्या व्याख्या, हाताने न लिहिता साधनाकडून तयार करून घ्यायच्या. ‘संरचित माहितीवरून स्थिर प्रकार-व्याख्यांची स्वयंचलित निर्मिती’ असं शीर्षक सुचवलं गेलंय. ‘स्थिर’, ‘प्रकार’ आणि ‘निर्मिती’ या तिन्ही शब्दांबद्दल मत हवंय.

हिशेबाची सॉफ्टवेअर लिहिणारा, अक्कलकोट रोड :
ताई, ‘स्थिर’ काढाच. खात्यातली शिल्लक रोज बदलते, मग स्थिर काय? त्या जागी रक्कमच येणार, एवढंच आधी ठरलेलं असतं आणि ते प्रोग्राम चालण्यापूर्वी तपासलं जातं. त्यामुळे ‘पूर्वनिश्चित’ म्हणा.

‘टाइप’ला ‘टाइप’च राहू द्या. आपल्या वर्गात शहराच्या पूर्व भागातली मुलं घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडची कन्नड. वर्गात सगळे ‘टाइप’ म्हणतात. ‘प्रकार’ एकदा समजावून सांगा आणि पुढे चला. ‘प्रारूप’ मात्र नको. प्रारूप मतदार यादीमुळे त्याचा अर्थ ‘कच्चा मसुदा’ असा पक्का झालाय.

खरा घोळ ‘निर्मिती’त आहे. त्या एका शब्दाखाली दोन वेगळी कामं दडतात. पहिल्या कामात आराखडा हातात असतो. एक्सएसडी हा एक्सएमएलचा आराखडा लिहायचा नियमसंच २००१ साली प्रमाण झाला. अमुक जागी तारीख, तमुक घटक किमान एकदा, कमाल कितीही वेळा, हे त्यात लिहिलेलंच असतं. जावा भाषेचं एक्सजेसी किंवा मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधलं एक्सएसडी नावाचंच साधन ते वाचून क्लास, म्हणजे त्या भाषेतल्या टाइप-व्याख्या, लिहून देतं. इथे तर्क करावा लागत नाही.

दुसऱ्या कामात आराखडा नसतो, नुसता नमुना असतो. एफ शार्प या प्रोग्रामिंग भाषेत २०१२ साली टाइप प्रोव्हायडर, म्हणजे बाहेरच्या माहितीवरून टाइप पुरवणारी साधनं, आली. त्यांतल्या एक्सएमएलच्या प्रोव्हायडरला नमुन्याची फाइल दाखवली की संकलनाच्या (कंपाइल करण्याच्या) वेळीच टाइप तयार होतात, आणि टॅगच्या नावात चूक झाली तर प्रोग्राम चालण्याआधीच कळते. फार गुणी साधन आहे. पण ते जे सांगतं ते नमुन्यापुरतं.

टॅलीच्या फाइलमध्ये तारीख २०२४०४०१ अशी आठ आकडे सलग लिहिलेली असते. आपल्याला १ एप्रिल २०२४ दिसतं, नुसतं मूल्य पाहणाऱ्या साधनाला एक भली मोठी पूर्णांक संख्या दिसते. टॅगचं नाव ‘डेट’ आहे, पण नाव म्हणजे टाइप नव्हे. डिझाइन नंबर ००७१ असेल तर संख्या होताच त्याचा ७१ होतो आणि गोदामात तो नंबर सापडत नाही. सगळ्यात वाईट गोष्ट बिलाची. नमुन्याच्या बिलात टॉवेलचा एकच माल असला, तर साधन समजतं की बिलात माल एकच असतो. चादर, टॉवेल, नॅपकिन असं तीन ओळींचं बिल आलं की तोच प्रोग्राम अडतो. मुलांना दोन-तीन मालांचं बिलच नमुना म्हणून द्या, ही माझी आग्रहाची विनंती.

म्हणून पहिल्या कामाला ‘आराखड्यावरून टाइप उतरवणे’ आणि दुसऱ्याला ‘नमुन्यावरून टाइपचं अनुमान’ असं म्हणावं.

मराठीचे निवृत्त प्राध्यापक :
‘अनुमान’ उत्तम. ‘अंदाज’ नको, कारण साधन नियमाने निष्कर्ष काढतं : सगळी मूल्यं आकड्यांची, म्हणून संख्या. न्यायदर्शनातल्या अनुमानातही एक अपवाद सापडला की व्याप्ती, म्हणजे ‘जिथे धूर तिथे अग्नी’ असा सार्वत्रिक नियम, मोडते. तुमच्या तीन ओळींच्या बिलाने तेच केलं.

‘उतरवणे’बद्दल शंका आहे. ‘फळ्यावरचं वहीत उतरवून घ्या’ म्हणजे जसंच्या तसं. आराखड्यातलं सगळं क्लासमध्ये जसंच्या तसं येतं का?

सॉफ्टवेअर लिहिणारा :
नाही येत, सर. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने. हा साचा एक्सएसडीत नेमका लिहिता येतो. जावात मात्र त्याचा नुसता मजकूर होतो, १५ अक्षरांची अट टाइपमध्ये उरत नाही. ती तपासणी वेगळी करावी लागते.

प्राध्यापक :
मग ‘बेतणे’ घ्या. शिंपी मापावर कापड बेततो, आपण ‘सत्यघटनेवर बेतलेली कथा’ म्हणतो. आधार ठाम, पण हुबेहूब नक्कल नाही. ‘जिवावर बेतणे’ हा अर्थ कुणी आडवा आणेल, पण ‘सत्यघटनेवर बेतलेली’ वाचताना कुणी अडखळत नाही.

शिक्षिका :
शीर्षक ठरलं : ‘आराखड्यावर बेतलेले आणि नमुन्यावरून अनुमानलेले टाइप’. ‘पूर्वनिश्चित’ पहिल्या परिच्छेदात समजावते. एक शब्द उरला. काही व्हाउचरमध्ये (व्यवहाराच्या नोंदींत) नॅरेशन, म्हणजे व्यवहाराचा खुलासा, असतं, काहींत नसतं. अशा घटकाला ‘ऐच्छिक’ म्हणू का?

प्राध्यापक :
‘ऐच्छिक’ विषयात निवड विद्यार्थ्याची असते. इथे वाचणाऱ्या प्रोग्रामला निवड कुठे आहे? समोर येईल ते त्याला सांभाळावं लागतं. आपल्या छापील अर्जांवर यासाठी शब्द आहेच : ‘असल्यास’.

सॉफ्टवेअर लिहिणारा :
सर, हा तर मी उद्यापासून वापरणार. ताई, तक्त्यात असं लिहा : ‘तारीख : दिनांक. माल : यादी. नॅरेशन, असल्यास : मजकूर.’