दोन चंद्रांखालचे बंदर: तारवली शहराचा इतिहास आणि नकाशा कसा रचावा?

नौपाड्याची लेखिका (ठाणे पश्चिम)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे आणि तिची बहुतेक कथा तारवली नावाच्या कल्पित बंदरात घडते. तारवलीच्या आकाशात दोन चंद्र आहेत. थोरल्याची अमावास्या दर ३० दिवसांनी येते आणि धाकट्याची दर ४५ दिवसांनी. शहर ९०० वर्षांचे आहे. नकाशा मी असा काढला होता: खाडीच्या मुखाशी अर्धवर्तुळाकार तटबंदी, तिच्या मधोमध राजवाडा, राजवाड्यापासून सात दरवाजांकडे जाणारे सात सरळ रस्ते आणि समुद्रात घुसलेला एक लांबलचक दगडी धक्का.

आमच्या वाचनकट्ट्यावर मी पहिली चार प्रकरणे वाचून दाखवली, तेव्हा एक काका म्हणाले की हे शहर कोणीतरी एका दुपारी पट्टी घेऊन काढल्यासारखे वाटते. वाईट याचे वाटले की मी ते खरोखरच एका दुपारी पट्टी घेऊन काढले होते.

अशा शहराचा इतिहास कोठून सुरू करावा, राजघराण्यापासून की भूगोलापासून? दोन चंद्र आतापर्यंत केवळ वर्णनाच्या शोभेला आले आहेत. त्यांचा शहराच्या रचनेशी काही संबंध लावता येईल का? आणि राजवाडा मध्यभागी नसेल तर कुठे असावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चेंदणीकर

ताई, राजघराणे तूर्त बाजूला ठेवा आणि आधी पाणी काढा. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, आणि उधाणाच्या दिवसांत ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी चार मीटरांहून अधिक चढते. तारवलीत असेच असेल, तर आपला तो लांबलचक धक्का सकाळी पाण्यात आणि दुपारी चिखलात उभा राहील. खाडीतल्या बंदराला एकच एक काठ कधीच नसतो. भरतीचा काठ वेगळा, ओहोटीचा वेगळा, आणि या दोहोंमधल्या चिखलाच्या पट्ट्यातच बंदराचा निम्मा व्यवहार चालतो. मोठी गलबते खोल पाण्यात नांगर टाकून राहतात, त्यांचा माल मचव्यांत उतरतो, मचवे भरतीबरोबर आत येतात आणि पाणी फिरायच्या आत रिकामे होऊन परत निघतात. म्हणून शहराला लांब धक्क्यापेक्षा रुंद पायऱ्या हव्यात, म्हणजे पाणी कोणत्याही उंचीवर असले तरी हमालाला कुठल्यातरी पायरीवर पाय टेकवता येईल.

दोन चंद्र हे तर आपले भांडवल आहे. माझे आजोबा घड्याळ वापरत नसत. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा त्यांचा हिशेब होता. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, अष्टमीला आठ पाऊणे सहा. हा हिशेब साधारण जमतो, कारण चंद्र एकच आहे आणि भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. तारवलीत धाकटा चंद्र हा हिशेब सतत बिघडवणार. तिथे कोळ्याच्या पोराला पाऊणकी पाठ असून भागणार नाही. दोन्ही चंद्रांच्या तिथी जुळवून भरतीची वेळ सांगणारा एखादा जोशी प्रत्येक धक्क्यावर बसलेला असेल, आणि त्याचे चुकले तर कोणाचे तरी गलबत गाळात रुतेल.

आपण दिलेल्या आकड्यांवरून थोडे गणित मांडले. दर ९०व्या दिवशी दोन्ही चंद्रांची अमावास्या एकत्र पडते. त्याच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ४५व्या दिवशी, थोरल्याची पौर्णिमा आणि धाकट्याची अमावास्या असते. दोन्ही वेळा सूर्य आणि दोन्ही चंद्र एका रेषेत येतात, त्यामुळे पाणी सर्वांत जास्त फुगते. वर्ष ३६० दिवसांचे धरले तर वर्षात आठ महाउधाणे झाली.

याचा उपयोग असा. मोठी होडी दुरुस्तीसाठी काठावर घ्यायची असेल तर ती उधाणाच्या भरतीला, जितकी वर चढवता येईल तितकी चढवतात. पाणी उतरले की ती कोरड्यावर बसते. मग तळाच्या फळ्या खरवडायच्या, फटींत कापूस ठोकून बसवायचा, वरून तेल-चुन्याचा लेप द्यायचा. मधे भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे दिवस असतात, तेव्हा पाणी तिथवर पोहोचतच नाही, आणि पंधरवड्याने पुढचे उधाण आले की होडी आपोआप तरंगते. तारवलीत मात्र महाउधाणाला वर चढवलेले जहाज पुढच्या महाउधाणापर्यंत ४५ दिवस अडकून पडेल. दिवस चुकला की ९०. एखाद्याला शहर सोडून पळायचे असेल आणि त्याचे जहाज असे कोरड्यावर बसलेले असेल, तर पहारेकऱ्यांची गरजच पडणार नाही.

सीबीडीतला नकाशाकार (बेलापूर)

चेंदणीकरांच्या मताशी सहमत आहे. मी त्यात सरळ रस्त्यांची बाजू तेवढी जोडतो. सरळ रस्ते असणे चूक नाही. त्यांना कोणीच अडवलेले नाही, ही चूक आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७० साली झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे व रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन घेण्यात आली. नकाशावर सेक्टर चौकोनी आहेत, परंतु वाशीगाव, सानपाडा, करावे किंवा बेलापूर यांच्या जवळ गेलात की रुंद रस्ता अचानक वळसा घेतो, कारण पुढे गावठाण आहे. तिथली गल्ली दोन माणसे जेमतेम समोरासमोर जातील इतकी असते आणि ती बहुधा विहिरीकडे, देवळाकडे किंवा जुन्या बंदराकडे जाते. आपल्या तारवलीतही कोणत्यातरी महत्त्वाकांक्षी राजाने सात सरळ रस्ते आखायला घेतले असतील, तर त्यांतले दोनच पूर्ण झाले आणि पाच कुठल्यातरी वस्तीला धडकून वाकडे झाले असे दाखवा.

याहून महत्त्वाचा मुद्दा जमिनीच्या उंचीचा आहे. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे इथे धारण तलाव ठेवलेले आहेत. भरती आली की त्यांच्या झडपा पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतात, शहरातले पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला बाहेर पडते. कल्पना नवीन नाही. आपल्याकडच्या खारभूमीच्या बांधांना जी उघाडी असते, ती हेच काम करते. तारवलीत ९०० वर्षे माणसे राहत असतील, तर त्यांनी तिवरे तोडून, मातीचे बांध घालून खाजणाची, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीची शेते आणि मिठागरे केलीच असणार.

इथेच मला आपल्या शहराचा खरा इतिहास दिसतो. खाडीची वाट खोल ठेवण्याचे काम ओहोटीचे पाणी करते. भरतीला जितके पाणी आत शिरते तितके ओहोटीला जोराने बाहेर पडते आणि गाळ ओढून नेते. काठावरच्या धनिकांनी एकेक खाजण बांध घालून खाडीपासून तोडले की आत शिरणारे पाणी कमी होते, ओहोटीचा जोर घटतो, गाळ बसतो आणि बंदराची वाट उथळ होत जाते. हे एका पिढीत कोणाच्या लक्षात येत नाही. पणजोबांनी बांध घातला, आजोबांनी भात पिकवले, वडिलांनी जमीन विकली आणि नातू विचारतो आहे की गलबते आता वरच्या धक्क्याला का लागत नाहीत. बांधवाले आणि नाखवे यांचे हे भांडण राजघराण्याच्या वंशावळीपेक्षा जास्त काळ चालेल आणि दरबारात दोन्ही बाजूंचे लोक बसलेले असतील.

महाउधाणाच्या रात्री बांधाला खांड पाडायला कोण कुदळ घेऊन जाते, हे मला कादंबरीत वाचायला आवडेल.

ऐरोलीचे मास्तर

वरील प्रतिसाद वाचनीय आहेत, पण सगळे खापर बांधांवर फोडणे मला मान्य नाही. जहाजांचे आकार वाढत गेले, तसे त्यांना अधिक खोल पाणी लागू लागले, हेही कारण तितकेच मोठे आहे. आपल्याच परिसरात क्रम पाहा: प्राचीन काळी सोपारा आणि कल्याण, शिलाहारांच्या काळात श्रीस्थानक म्हणजे ठाणे, पुढे पोर्तुगीजांचे वसई, मग इंग्रजांची मुंबई आणि १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा. हे दर वेळी अगदी सरळ रेषेत घडले असे नाही, परंतु एकूण ओढ आतल्या खाड्यांकडून खोल पाण्याकडेच आहे. तारवलीची ९०० वर्षे एकाच जागी उभी करण्याऐवजी शहर खाडीतून खाली सरकत आले असे धरा, म्हणजे वरची तारवली, मधली तारवली आणि मुखाजवळची नवी पेठ. तटबंदी मग अर्धवर्तुळाकार राहणार नाही. तिचे तीन तुकडे होतील आणि त्यांपैकी दोहोंचे दगड लोकांनी घरांच्या जोत्यांसाठी केव्हाच नेलेले असतील.

बंदर केवळ गाळानेच मरते असेही नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याणची नोंद आहे. आधी तिथे रीतसर व्यापार चाले. पुढे सत्ता बदलली, बंदराची नाकेबंदी झाली आणि चुकून तिथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. पाणी होते तेवढेच होते, फक्त जकात कोणी घ्यायची हे बदलले. मार्को पोलोने ठाण्याविषयी लिहिलेली गोष्ट तर आयती कथानकाची आहे. त्याच्या म्हणण्यानुसार इथल्या राजाचे चाच्यांशी संगनमत होते: लुटीतला इतर माल चाच्यांनी ठेवायचा आणि घोडे तेवढे राजाला द्यायचे, कारण घोडे समुद्रमार्गेच येत आणि राजाला ते हवे असत. तारवलीच्या राजाला कोणती एक वस्तू चाच्यांकडून हवी आहे, हे आपण ठरवलेत तर त्याचा खजिना, त्याचे सैन्य आणि त्याची अब्रू ही तिन्ही एकदमच ठरतील.

किल्ल्याबद्दल एकच सांगतो. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, तो पुरा होण्याआधीच १७३७ साली मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला आणि आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. ज्याने बांधायला घेतला त्याच्या कामाला तो फार थोडा आला. कल्पित शहरांतले किल्ले नेहमी ज्याने बांधले त्याच्याच ताब्यात का असतात, हे मला कळलेले नाही.

नौपाड्याची लेखिका (ठाणे पश्चिम)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पट्टी कपाटात ठेवली आणि नकाशा हाताने पुन्हा काढला. वरची तारवली आता खाडीच्या टोकाला, भाताच्या खाचरांनी वेढलेली आहे. तिथे पायऱ्यांचा एक घाट आहे आणि त्याच्या पायथ्याशी पाणी नाही, कारली-दुधीचे मांडव आहेत. मधल्या तारवलीत पेठा, मांडवी (जकातीचे ठाणे) आणि भरती सांगणाऱ्या जोश्यांची आळी. मुखाशी नवी पेठ आणि कोळीवाडा. चाच्यांकडून राजाला शिसवी लाकूड हवे आहे असे ठरवले, कारण त्याच्या राज्यात डोंगर बोडके झाले आहेत आणि जहाजे बांधायला लाकूड उरलेले नाही.

राजवाड्याचे मात्र अजून ठरत नाही. शिवाय मांडवी मधल्या तारवलीत ठेवली ती बरोबर आहे का?

चेंदणीकर

मांडवी चुकली आहे. जकातीचे ठाणे जहाजांना जिथे नाइलाजाने थांबावे लागते तिथे असते, आणि आपल्या खाडीत ती जागा म्हणजे मुखाजवळचा वाळूचा दांडा. भरतीची वाट पाहत गलबते तिथे दोन-तीन प्रहर थांबणारच. जकातदाराने तेवढ्या वेळात गोणी मोजाव्यात. मधल्या पेठेपर्यंत माल येऊ दिला तर अर्धा माल रात्रीतून तिवरांमधल्या आडवाटांनी उतरून गेलेला असेल. एक सुचवतो: जुनी मांडवी मधल्या तारवलीत इमारत म्हणून राहू द्या. तिथे आता धान्याचे कोठार असेल, पण गल्लीचे नाव मांडवीच.

शिसव मात्र बदला. आपल्याकडे जहाजाला सागवान वापरतात, कारण ते पाण्यात टिकते. शिसव जड पडते आणि त्याचे पलंग चांगले होतात.

राजवाडा गोड्या पाण्यापाशी ठेवा. खाडीकाठी खारे पाणी हवे तितके असते, पण पिण्याचे पाणी मोजके. ठाण्यात मासुंदा तळ्याच्या काठी कोपिनेश्वराचे देऊळ आहे. गाव खाडीचे असले तरी देव तळ्याकाठी बसला आहे. समुद्रावर निघणाऱ्या प्रत्येक गलबताला पिंपे भरून घ्यावीच लागतात, म्हणून ज्याच्या ताब्यात तळे, त्याला बंदरावर तोफा रोखून बसावे लागत नाही. वरच्या तारवलीच्या मागे टेकडीच्या पायथ्याशी एक तळे काढा आणि राजवाडा त्याच्या काठावर ठेवा. शहर खाली सरकत गेले तरी राजाला तळे सोडून जाता येणार नाही. नव्या पेठेतल्या व्यापाऱ्याला दरबारात यायला अर्धा दिवस लागेल, तोही भरती मिळाली तर.

आणि घाटाच्या पायऱ्या मोजून लिहा. बावीस असतील तर अठराच दिसू द्या. खालच्या चार गाळात आहेत, आणि मांडव घालणाऱ्या बाईची कुदळ अधूनमधून त्यांना लागते.