सेवेचे तास जमा झाले तर?

परिचारिका_आहे:
अर्थव्यवस्था म्हटलं की कर आणि व्याजदर, आरोग्य म्हटलं की इस्पितळं आणि विमा. चर्चा त्यापुढे सरकत नाही. वॉर्डात मी रोज वेगळंच पाहते. म्हाताऱ्या रुग्णाची जखम भरलेली असते, सलाईन निघालेलं असतं, पण घरी वेळेवर गोळ्या देणारं, संडासापर्यंत हात धरून नेणारं कुणी नसतं. म्हणून खाट अडते आणि बाहेर दुसरा रुग्ण ताटकळतो. त्याच वेळी कितीतरी धडधाकट निवृत्त आणि बेरोजगार माणसं रिकामी बसलेली असतात.

आजारी शेजाऱ्यासाठी दिलेला प्रत्येक तास नावावर जमा व्हावा आणि आपली वेळ आली की तो परत मिळावा. तास सगळ्यांचा सारखाच, वकिलाचा असो वा हमालाचा. कौतुक नको, त्रुटी सांगा.

जुना_वाचक:
याला टाइम बँक म्हणतात. एडगर कान या अमेरिकी कायदेतज्ज्ञांना १९८० मध्ये हृदयविकाराचा मोठा झटका आला. आपण आता कुणाच्या उपयोगाचे नाही, हे त्यांना इस्पितळातल्या खाटेवर फार बोचलं. त्यातून त्यांनी ही कल्पना मांडली. जपानमध्ये 'फुरेआई किप्पू' नावाची अशीच व्यवस्था आहे. त्यात मुलगा राहत्या शहरात तास कमावतो आणि दूरच्या आईवडिलांच्या नावे करतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

हिशेबनीस:
आज जमा झालेला तास म्हणजे उद्याचं देणं. तीस वर्षांनी ते फेडणार कोण? आज देणारे शंभर असतील आणि तेव्हा तरुण उरतील दहा, तर बँक बुडालीच समजा. स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन शहराने यावर उपाय केला: तासांची हमी शहराने घेतली आणि एका माणसाला जास्तीत जास्त ७५० तासच साठवता येतील अशी मर्यादा घातली. हमीशिवाय मी एक तासही ठेवणार नाही.

वाटसरू:
मग तासांना मुदत घाला! ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावाने १९३२ मध्ये स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांची किंमत दरमहा एक टक्का घटायची, म्हणून लोक त्या लगेच खर्च करायचे. त्यातून रस्ते झाले, हातांना काम मिळालं. पुढच्याच वर्षी मध्यवर्ती बँकेने ते बंद पाडलं.

परिचारिका_आहे:
@वाटसरू, पैसा फिरता राहावा म्हणून ते ठीक. पण सेवेची गरज बहुतेकांना आयुष्याच्या शेवटी लागते. साठीत कमावलेला तास ऐंशीत बाद झाला तर तो फसवणूकच ठरेल. मुदत नको.

@हिशेबनीस, तुमचं पटलं. हमी आणि मर्यादा दोन्ही हवेत. आणखी एक अट मी स्वतः घालते: इंजेक्शन, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, बेडसोरचं म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचं ड्रेसिंग ही कामं तासांवर द्यायची नाहीत. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल, शेजारी आहेत ना, मग परिचारिका कशाला? पगारी जागा कापायला ही योजना वापरली, तर तिला विरोध करणारी पहिली मीच असेन.

अंथरुणाला खिळलेला माणूससुद्धा फोनवरून दुसऱ्याला गोळीची आठवण करून देऊ शकतो, त्याचाही तास धरावा. ज्याला तेवढंही जमत नाही त्याच्यासाठी इतरांच्या तासांतून सामाईक साठा हवा.

सुरुवात डिस्चार्जनंतरच्या पहिल्या पंधरवड्यापुरती करावी असं वाटतं. गोळ्या चुकणं, घरात पडणं आणि पुन्हा दाखल होणं बऱ्याचदा तेव्हाच होतं. तेवढ्यासाठी नोंदवही कुणाकडे असावी, इस्पितळाकडे की वस्तीकडे?

हिशेबनीस:
वस्तीकडे. इस्पितळाने फक्त रुग्णाच्या संमतीने कळवावं की अमुक दिवशी घरी सोडतोय.