नाईट ड्युटी, पगार २१ हजार, डेक्कनच्या आसपास एकटीसाठी वनआरके कुठे बघू?

रात्रपाळीवाली

नमस्कार. मी स्टाफ नर्स आहे, मूळची परभणीची, पुण्यात डेक्कनजवळ एका हॉस्पिटलात काम करते. हातात २१ हजार येतात त्यातले ४ घरी जातात. सध्या कर्वेनगरला पीजीत राहते, तिघींची खोली, जेवण धरून साडेसहा हजार. पीजी तसं वाईट नाहीये, मुली पण चांगल्या आहेत पण महिन्यातले निम्मे दिवस माझी नाईट असते, सकाळी नऊला येऊन पडावं तर त्या दोघींची ऑफिसला निघायची घाई, मग अकराला झाडूवाल्या मावशी, मग कुणाचं तरी कुरियर, म्हणजे सलग झोप अशी होतच नाही. आता डोकं दुखणं रोजचंच झालंय.

म्हणून एकटीसाठी छोटी जागा बघतेय, बजेट साडेसात, ओढूनताणून आठ. साईटवर ८ हजारवाला फ्लॅट दिसतो, फोन केला की "तो कालच गेला मॅडम, १३ चा दाखवू का". एजंटला एक महिन्याचं भाडं द्यायचं ते वेगळंच. आणि सोसायटीत गेलं की ठरलेले प्रश्न, एकट्याच का, लग्न झालंय का, आडनाव काय, नॉनव्हेज खाता का. एका ठिकाणी मालकीणबाई तयार होत्या पण सेक्रेटरी म्हणाले रात्री-अपरात्री येणं-जाणं आमच्याकडे चालत नाही. अहो मी संध्याकाळी जाते ती सकाळी येते, रात्री तुमच्या गेटवर मी असतेच कुठे??

या पैशात कुठला एरिया बघावा, जागा बघताना काय विचारावं आणि डिपॉझिट वगैरे किती धरून चालू, कुणी राहिलं असेल तर सांगा प्लीज.

---

हिशोबी_माणूस

स्पष्ट बोलतो राग मानू नका. ८ भाडं, लाईट गॅस मिळून हजार, जेवण किमान तीन, म्हणजे १२ गेले. घरी ४. उरले ५, त्यात बस, मोबाईल, आजारपण, सणाला गावी जाणं. एकटं राहायचं तर पगार तीस तरी पाहिजे. डबल शेअरिंग बघा आणि दुसरी पण नर्सच शोधा, दोघींची ड्युटी जुळली की झोपेचा प्रश्न संपला.

---

पौडफाट्याचा

जुळत नाही हो ड्युटी. माझी बहीण याच लाईनीत आहे, रोस्टर दर महिन्याला बदलतं, दोघी नर्स एका खोलीत म्हणजे एक झोपलेली आणि एक डबा करतेय असंच चित्र. तिला स्वतंत्रच जागा पाहिजे.

ताई, डेक्कनला काम असेल तर वनाजच्या बाजूला बघा. वनाज ते डेक्कन जिमखाना सरळ मेट्रो आहे, मध्ये आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळस्टॉप, गरवारे एवढीच स्टेशनं. कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये ८ हजारात काही मिळणार नाही, तो नाद सोडा, पण सुतारदरा, किष्किंधानगर, शास्त्रीनगर या भागात मालकाने वर दोन-तीन मजले चढवलेल्या इमारती आहेत तिथे एक खोली, आत मोरी, स्वतंत्र संडास असं सात-आठच्या आसपास बसतं. चढ आहे, गल्ल्या अरुंद आहेत, पण माणसं रात्री उशिरापर्यंत ओट्यावर असतात, एकटी बाई चालत आली तर कुणाला नवल वाटत नाही. दुसरा पर्याय शिवणे-उत्तमनगर, एनडीए रोडने डेक्कनला थेट बस आहे, जागा जरा मोठी मिळेल पण वारज्याचा ट्रॅफिक रोज सोसावा लागेल.

आता तुमच्यासाठी खास गोष्ट, इतरांना हे कुणी सांगत नाही कारण इतर लोक दिवसा घरी नसतात. पत्र्याची खोली अजिबात घेऊ नका. हजारभर कमी सांगतील आणि जानेवारीत बघायला गेलात तर छान वाटेल, पण तुम्ही झोपणार सकाळी दहा ते चार, आणि एप्रिलमध्ये पत्र्याखाली त्या वेळात भाकरी भाजून निघेल. स्लॅबच पाहिजे, आणि शक्यतो वर अजून एक मजला असलेली. खिडकी पश्चिमेला नाही ना तेही बघा, दुपारचं ऊन थेट आत येतं.

दुसरं पाणी. "पाणी आहे का" विचारलं की सगळे हो म्हणतात. विचारायचं असं की नळाला किती वाजता येतं आणि वर टाकी आहे का. बऱ्याच ठिकाणी सकाळी तास-दीड तास येतं आणि ज्याने त्याने आपापला ड्रम भरायचा. तुम्ही त्या वेळी वॉर्डात हँडओव्हर देत असणार, मग भरणार कोण? टाकी असेल तर प्रश्नच नाही. नऱ्हे, धायरी, नांदेड गाव हा पट्टा स्वस्त आहे पण तिथे टँकर आणि बोअरवर बरंच चालतं, २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे (हातापायातलं बळ जातं तो आजार) पेशंट त्याच बाजूने जास्त आले होते, नर्स आहात म्हणजे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. घेतलं तर पाणी उकळून प्या.

लाईट. मालकाने स्वतःच्या मीटरवरून खोलीचे युनिट मोजायला सबमीटर लावलेला असतो आणि युनिटला १० ते १२ रुपये घेतो. लोक त्याला लूट म्हणतात पण त्याची पण एक बाजू आहे, महावितरणचा दर १०० युनिटच्या पुढे जवळजवळ दुप्पट होतो आणि पाच खोल्या एका मीटरवर असल्या की बरेचसे युनिट वरच्या दरात जातात. तुमच्या नावावर नसला तरी खोलीला महावितरणचा वेगळा मीटर असेल तर शंभर युनिटच्या आत तुमचं बिल कमी येईल. भाडं थोडं जास्त असलं तरी अशी खोली परवडते, उन्हाळ्यात पंखा दिवसभर चालणार आहे तुमचा.

---

अकरा_महिने

मी भाडेकराराची कामं करतो म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो.

नोटरी केलेला कागद म्हणजे करार नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे हाच अकरा महिन्यांचा भाडेकरार) लेखी आणि रजिस्टरच लागतो, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकावर आहे, भाडेकरूवर नाही. खर्चाचा लोक उगीच बाऊ करतात. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, ती पण अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर. ८ हजार भाडं ३० हजार डिपॉझिट धरलं तर काहीशे रुपयांत विषय. शहरात रजिस्ट्रेशन फी १०००, वर ऑनलाइनचे किरकोळ. एजंट घरी येऊन अंगठे घेतो त्याचे तो वेगळे लावतो, तिथे घासाघीस करा. खर्च निम्मा-निम्मा करायची पद्धत आहे.

डिपॉझिट साधारण दोन ते तीन भाडी. देण्याआधी मालक खरा आहे का बघा, लाईट बिलावरचं आणि टॅक्स पावतीवरचं नाव जुळवा, फ्लॅट असेल तर इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) मागा. एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगमधला फ्लॅट कुणी स्वस्तात देत असेल तर जपून, ठरावीक वर्षं मूळ लाभार्थ्याला तो भाड्याने देता येत नाही, म्हणूनच असे मालक रजिस्टर करायचं म्हटलं की कां-कू करतात. उद्या तपासणी आली तर तुम्ही रस्त्यावर.

आणि ऑनलाइन "मी आर्मीत आहे, बदली झाली, गेटपाससाठी क्यूआर स्कॅन करा" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. जागा बघायच्या आधी एक रुपया द्यायचा नाही.

सोसायटीबद्दल, आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त आधी कळवायचं असतं. सेक्रेटरी जे बोलले त्याला आधार नाही.

---

पौडफाट्याचा

आधार नाही हे मान्य पण ताई काय उपविधी घेऊन भांडत बसणार का, ज्या घरात रोज तोंड बघायचं तिथे भांडून शिरण्यात अर्थ नाही. सोसायटी सोडा, मालक स्वतः खाली राहतो अशी जागा बघा.

---

सदाशिवपेठी_भाडेकरू

मालक खाली राहतो अशा जागेत पाहुणे किती वाजेपर्यंत चालतात तेही विचारून घ्या नाहीतर आई परभणीहून आली तरी रजिस्टरमध्ये सही करावी लागेल. अनुभवाचे बोल.

---

जाई_जुई

नोकरदार महिलांची वसतिगृहं बघितलीस का ग? केंद्राची सखी निवास योजना आहे, मोठ्या शहरात महिना ५० हजारांपर्यंत पगार असला तरी चालतं आणि नियमाप्रमाणे सिंगल रूमचं भाडं पगाराच्या १५ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. तुझ्या पगारावर तीन-सव्वातीन हजार होतात. अडचण एवढीच की सिंगल रूम फार कमी असतात आणि साधारण तीन वर्षांत जागा सोडावी लागते. नाईटवाल्यांना गेटचा नियम काय आहे ते आधी विचार, हॉस्पिटलचं ड्युटी लेटर दाखवलं की बऱ्याचदा सोय करतात.

आणि म्हाडाच्या पुणे मंडळाचा फॉर्म भरून ठेव. लग्न झालेलं नसलं तरी भरता येतो, ईडब्ल्यूएसला पुण्यात वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत चालतं, तू आरामात बसतेस. डोमिसाईल काढून ठेव.

---

हिशोबी_माणूस

म्हाडा म्हणजे विकतचं घर, लागलं तर कर्ज काढावं लागणार. त्यांना या महिन्यात झोपायला खोली पाहिजे.

---

जाई_जुई

फॉर्मची फी सोडली तर काय जातंय, अनामत परत मिळते की. असो. माझ्या मते सगळ्यात सोपा उपाय तुझ्याच हॉस्पिटलात आहे. साईटवर शोधण्यापेक्षा वॉर्डातल्या मावशी, मामा, कँटीनवाले यांना विचार. ही सगळी मंडळी त्याच सुतारदरा, जनता वसाहत, दांडेकर पूल भागात राहतात आणि कुणाच्या वरची खोली महिनाअखेर रिकामी होणार हे त्यांना बोर्ड लागायच्या आधी कळतं. ब्रोकरेज शून्य. शिवाय "ही आमच्या हॉस्पिटलातली सिस्टर आहे" असं मावशीने सांगितलं की मालक लग्नाबिग्नाचं विचारत नाही, उलट बीपी बघायला सोय झाली म्हणून खूश होतो :)) ते मात्र पहिल्यापासून आवरतं घे नाहीतर सुट्टीच्या दिवशी दारात रांग लागेल.

---

रात्रपाळीवाली

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय कारण नाईट चालू होती. हिशोबी दादा तुमचा हिशोब बरोबरच आहे पण ड्युटीवर एक वेळचं जेवण कँटीनमध्ये मिळतं त्यामुळे जेवणाचे तीन हजार लागणार नाहीत. आणि गेल्या महिन्यात डोकेदुखीच्या गोळ्यांवर आणि सुट्ट्या पडल्या त्यावर जे गेलं ते पण धरा ना.

मावशींना विचारलं. एका मावशींच्या नणंदेच्या शेजारी खोली आहे, किष्किंधानगर, पहिला मजला आणि वर दुसरा आहे, स्लॅब, टाकी आहे, संडास आत. मीटर मात्र सबच आहे, ११ रुपये युनिट. भाडं साडेसात, डिपॉझिट २५ पण १५ आत्ता आणि १० दोन महिन्यांनी चालेल म्हणाले, मावशींच्या शब्दावर. खिडकी छोटी आहे, बोळात उघडते, उजेड कमी येतो तर ते मला उलट बरंच आहे. दुपारी मुद्दाम जाऊन उभी राहिले, शेजारी टीव्ही मोठा लावतात पण भिंत वीटकामाची आहे.

एकच अडलंय, मालक म्हणतात रजिस्टर करार नको, नोटरी करू, नाहीतर भाडं आठ हजार. काय करू?

---

अकरा_महिने

टॅक्समुळे घाबरतात ते. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर घरपट्टीत ४० टक्के सवलत मिळते, भाडेकरूचा करार रजिस्टर झाला की ती जाईल अशी धास्ती असते. त्यांच्याशी वाद घालू नका, कराराचा सगळा खर्च मी देते एवढं म्हणून बघा, बरेच जण तिथे ऐकतात. ऐकलं नाही तर ८ हजार द्या पण रजिस्टर करून घ्या, नंतर डिपॉझिट अडकलं तर हातात कागद पाहिजे आणि गॅस कनेक्शन, बँकेचा पत्ता बदलायला पण तोच लागतो. करारात तीन ओळी घालून घ्या, डिपॉझिट दोन हप्त्यांत, दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस, आणि रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे नाहीत. भाडं दर महिन्याला यूपीआयनेच द्या, रोख नको.

---

रात्रपाळीवाली

बरोबर, ते टॅक्सचंच काहीतरी पुटपुटत होते. रविवारी मावशींना घेऊन जाते आणि खर्च मी देते म्हणून बघते.

---

पौडफाट्याचा

जाताना मोबाईलवर सगळ्या खोलीचा व्हिडिओ काढा, नळ सोडून, लाईट लावून, भिंतीची ओल दाखवून. आणि सबमीटरचं रीडिंग मालकासमोर लिहून घ्या, आधीच्या भाडेकरूचे युनिट तुमच्या डोक्यावर यायला नकोत.