मदत हवी आहे: प्रॅक्टिकल नर्सिंग, एक्झिट, बुधवारी आहे!

थर्डइयर_त्रस्त
नमस्कार. एक्झिटचं प्रॅक्टिकल बुधवारी आहे. थिअरी झाली, बरी गेली. प्रॅक्टिकलचं मात्र काही सुचत नाहीये. एक्सटर्नल (बाहेरून येणारी परीक्षक) कडक येते असं सिनियर सांगतात. आधी विचारलेले प्रश्न कुणाकडे असतील तर प्लीज टाका. आणि तो ४ की ५ चा घोळ एकदाचा मिटवा, आमच्या दोन मॅडम दोन वेगळं सांगतात. लवकर हवंय. "शांत राहा, सगळं नीट होईल" हे नको, ते आई सकाळ-संध्याकाळ सांगते.

उत्तरं_देतोच
काय ४ की ५? वर्षं? मार्क? खोल्या?

कल्याण_स्लो
कोर्स कुठला? एएनएम, जीएनएम, बीएस्सी? विषय कुठला? परीक्षा कुठे आहे? यातलं काहीच लिहिलं नाहीत आणि वर "लवकर".

टोरांटोकर
मी ओंटारियोत प्रॅक्टिकल नर्सिंगचा दोन वर्षांचा डिप्लोमा केलाय, म्हणून खात्रीने सांगते. जुने प्रश्न गोळा करत बसू नका. ओंटारियो आणि ब्रिटिश कोलंबियात जानेवारी २०२२ पासून रेक्स-पीएन ही नर्सिंग लायसन्सची परीक्षा घेतात. ती संगणकावर असते आणि तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न अवघड किंवा सोपा होत जातो, त्यामुळे पाठ करून फायदा शून्य. कमीत कमी ९०, जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ ४ तास. अमेरिकेत असाल तर तशीच एनक्लेक्स-पीएन: ८५ ते १५० प्रश्न, ५ तास, आणि एप्रिल २०२३ पासून त्यात एकाच पेशंटवर लागोपाठ प्रश्न येतात. तिकडची बरीच कॉलेजं त्याआधी हेसी एक्झिट ही परीक्षा घेतात, कुठे कुठे ८५० गुणांच्या खाली आलात तर पुढे सोडत नाहीत. "चार पेशंटपैकी आधी कुणाकडे जाल" हा प्रश्न हमखास असतो. आधी श्वास, मग रक्ताभिसरण, दुखणं-खुपणं नंतर. कोणत्या प्रांतात आहात ते कळवा, मी माझ्या नोट्स पाठवते.

थर्डइयर_त्रस्त
ताई, मी प्रांतात नाही, परळला आहे. जीएनएम, तिसरं वर्ष. आमच्याकडे शेवटच्या परीक्षेला सगळ्या एक्झिटच म्हणतात. ४ की ५ म्हणजे अर्थातच सेंटीमीटर.

कल्याण_स्लो
"अर्थातच" आवडलं. म्हणजे मिडवाइफरी, बाळंतपणाचं?

थर्डइयर_त्रस्त
हो, मग अजून काय असणार.

कल्याण_स्लो
तिसऱ्या वर्षाला कम्युनिटी पण असतं, म्हणून विचारलं. माझी बायको त्याच बोर्डातून पास झालीये. चिडू नका.

लेबररूम_नाईट
५. विषय संपला. डब्ल्यूएचओचं लेबर केअर गाईड २०२० साली आलं. त्यात अ‍ॅक्टिव्ह फेज (जोराच्या कळांचा टप्पा) गर्भाशयाचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यापासून धरतात. पार्टोग्राफवरच्या (बाळंतपणाची प्रगती नोंदायच्या आलेखावरच्या) अलर्ट लाईन (इशाऱ्याची रेघ) आणि अ‍ॅक्शन लाईन दोन्ही गेल्या. ४ चं जुनं झालं.

निवृत्त_सिस्टर
तुमच्यापुरता संपला असेल. परीक्षा बोर्डाची आहे, जिनिव्हाची नाही. पार्टोग्राफवर ४ सेंटीमीटरला पहिली फुली, ती अलर्ट लाईनवर. माझी उभी हयात लेबर रूममध्ये गेली, आमच्या मुलींनी ४ लिहिलं आणि पास झाल्या.

लेबररूम_नाईट
पास झाल्या हे कारण झालं का? ४ ला अ‍ॅक्टिव्ह धरलं की पहिलटकरीण जरा रेंगाळली, लगेच सिंटो (कळा वाढवायचं औषध) लाव, नाहीतर सिझरला घे. तासाला १ सेंटीमीटर हा नियम प्रत्येक बाईच्या गर्भाशयाने वाचलेला नसतो.

निवृत्त_सिस्टर
आणि ५ ची वाट बघत बसलात आणि बाई मुळात अडलेलीच असली तर? ती रेघ कशासाठी होती? रेघेच्या उजवीकडे फुली गेली की रात्री दोनलासुद्धा नवखी मुलगी डॉक्टरांना उठवायला घाबरायची नाही. कागद दाखवायची. तुमच्या नव्या गाईडमध्ये तिने काय दाखवायचं?

लेबररूम_नाईट
त्यात प्रत्येक सेंटीमीटरला वेगळी मर्यादा दिलेली आहे. ५ ला ६ तास. ती ओलांडली की उठवायचं. वाचा तरी आधी.

जर्मन_बी२
या भांडणात मुलीचं करिअर विसरू नका. जीएनएम झाल्याझाल्या जर्मनची बी-२ लेव्हल करा. तिकडे नर्सेसची टंचाई आहे. दादरला माझ्या ओळखीचे क्लास आहेत.

थर्डइयर_त्रस्त
मी अजून पास झाले नाहीये!! मी बुधवारी काय लिहू तेवढं सांगा ना कुणीतरी.

माहेर_चिपळूण
मी गेल्याच वर्षी याच प्रॅक्टिकलमधून गेले. समोर कागद कुठला ठेवलाय ते बघायचं. अलर्ट लाईन छापलेला असेल तर ४ ला पहिली फुली रेघेवर. नवीन गाईडचा कागद असेल तर ५. तोंडी विचारलं तर तुमच्या वॉर्डात जे वापरतात ते आधी सांगा, लगेच पुढे "नवीन गाईडप्रमाणे ५" जोडा. कडक असली तरी त्यावर ती काय बोलणार? तसंही ४ की ५ वर कुणी फारसं अडकत नाही. अडकतात भरताना. डायलेटेशनला (तोंड किती उघडलं त्याला) फुली, डोकं खाली येण्याला गोल. बाळाचे ठोके अर्ध्या तासाने, कळा अर्ध्या तासाने, पण मोजायच्या १० मिनिटांतल्या. कळ २० सेकंदांच्या आत असेल तर चौकोनात ठिपके, २० ते ४० ला तिरप्या रेघा, ४० च्या वर पूर्ण काळा. आमच्यातल्या निम्म्या जणींनी सगळे चौकोन काळे केले होते.

थर्डइयर_त्रस्त
थँक यू ताई. असंच हवं होतं. अजून काय विचारलं तुम्हाला?

माहेर_चिपळूण
मला एएनसीमधली (गरोदरपणाच्या तपासणीची) पेशंट मिळाली, ३४ आठवड्यांची. पोटाची तपासणी करून दाखवायची होती. माझ्या आधीच्या मुलीने चारही ग्रिप (पोटावरून बाळ चाचपायच्या पद्धती) घडाघडा म्हटल्या, हात पण बरोबर ठेवला. एक्सटर्नल गप्प. शेवटी पेशंटलाच विचारलं, "तुम्ही लघवीला कधी जाऊन आलात?" ती बाई म्हणाली, "मगाचपासून जायचंय, पण ही ताई उठू देईना." तिथेच मार्क गेले. तेव्हा आधी लघवीला पाठवा, पडदा ओढा, नाव विचारून काय करणार ते सांगा, गुडघे जरा दुमडायला लावा, हात चोळून गरम करा. उजव्या बाजूला उभं राहायचं. शेवटच्या ग्रिपला तुमचं तोंड पेशंटच्या पायांकडे. आणि दुखतंय का ते चेहऱ्यावर बघत राहा, नुसतं पोटाकडे नको.

निवृत्त_सिस्टर
ही मुलगी शिकलेली दिसते. त्यात एक घाल. सेकंद काट्याचं घड्याळ ने. ठोके पूर्ण मिनिट मोजायचे, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. आणि फीटोस्कोप (ठोके ऐकायची नळी) पोटावर ठेवला की त्याला हात लावायचा नाही, कानाने धरायचा.

कल्याण_स्लो
बायको सांगतेय की स्मार्ट वॉच दारातच काढून घेतात.

पुस्तकी_किडा
तिसऱ्या स्टेजवर (बाळ झाल्यापासून वार, म्हणजे प्लासेंटा, पडेपर्यंत) प्रश्न येतोच. एएमटीएसएल (त्या स्टेजची सक्रिय हाताळणी): ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवणारं औषध) १० युनिट स्नायूत, बाळ झाल्यावर १ मिनिटाच्या आत, मग कंट्रोल्ड कॉर्ड ट्रॅक्शन (नाळ सांभाळून ओढून वार काढणं), मग गर्भाशयाला मसाज. अपगार (बाळाच्या तब्येतीचे गुण) १ आणि ५ मिनिटांना.

लेबररूम_नाईट
ऑक्सिटोसिनच्या आधी काय करायचं ते राहिलं. पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही ना ते बघायचं. ते न बघता इंजेक्शन दिलं म्हणालीस की व्हायव्हा (तोंडी परीक्षा) तिथेच थांबतो. सरसकट मसाज आता डब्ल्यूएचओ सांगत नाही, गर्भाशय घट्ट आहे की नाही ते हाताने बघत राहायचं. पण तुमच्या पुस्तकात मसाज असेल तर मसाज सांगून टाक, यावर मी भांडणार नाही.

निवृत्त_सिस्टर
कमाल आहे.

लेबररूम_नाईट
आणि अपगारचं मोजमाप होईपर्यंत बाळाकडे बघत उभं राहायचं नसतं. रडलं नाही तर पुसा, उत्तेजना द्या, तरीही श्वास नाही तर पहिल्या मिनिटातच बॅग-मास्क.

निवृत्त_सिस्टर
हे मात्र सोळा आणे खरं. वारेचं पण विचारतात हो. ट्रेमध्ये ठेवून आईकडची बाजू वर करायची, सगळे कप्पे एकमेकांना चिकटतात का बघायचे. एखादा तुटलेला दिसला तर तो आत राहिलाय, रक्तस्राव होणार. नाळेत तीन रक्तवाहिन्या, दोन धमन्या आणि एक शीर. मग वार कचऱ्याच्या कुठल्या पिशवीत? पिवळ्या. लाल म्हणालीस तर संपलं.

आयटीवाला_ठाणे
हे सगळं एखाद्या अ‍ॅपमध्ये का नाही टाकत? फोटो काढला की वार पूर्ण आहे की नाही ते सांगेल.

निवृत्त_सिस्टर
लेबर रूममध्ये मोबाइल आणून बघा एकदा.

थर्डइयर_त्रस्त
मॅग्सल्फचं (मॅग्नेशियम सल्फेट, गरोदरपणातल्या आकडीवरचं औषध) कुणीतरी सांगा. माझ्या डोक्यात ४, ५, १० सगळं मिक्स होतं. आणि ते केस बुकातल्या काही सह्या राहिल्यात त्याचं काही होत नाही ना?

माहेर_चिपळूण
काय?? हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं!

कल्याण_स्लो
मी म्हटलं ना, अर्थातच.

उत्तरं_देतोच
सह्या काय, मैत्रिणीला सांगा करायला. कोण बघतंय.

निवृत्त_सिस्टर
असले सल्ले इथे देऊ नका. मुलीने ज्या बाळंतपणाला हात लावला त्याखाली ती सही असते. खोटी पकडली तर एका विषयाचं नाही, सगळंच जातं.

थर्डइयर_त्रस्त
मी करणार पण नव्हते. डिलिव्हऱ्या सगळ्या मीच केल्यात. ज्या मॅडम सही करायच्या त्या रजेवर गेल्या गावी. वॉर्डच्या सिस्टर इन्चार्ज "मी का करू" म्हणतात. त्यांचंही बरोबरच आहे.

माहेर_चिपळूण
आज रात्रीच एक कागद तयार कर. तारीख, पेशंटचा नोंदणी क्रमांक आणि केस बुकातलं पान. लेबर रूमच्या रजिस्टरात डिलिव्हरी कुणी केली तिथे तुझं नाव असेल, ती नोंद शोध. उद्या सकाळी तो कागद आणि केस बुक घेऊन थेट प्राचार्यांकडे जा, दुसऱ्या ट्यूटरकडे नको. रजिस्टर समोर ठेवलंस की कुणाची सही चालेल ते त्याच सांगतील. बुधवारी सकाळवर ढकलू नकोस, त्या दिवशी ऑफिसात कुणी तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही.

थर्डइयर_त्रस्त
रजिस्टरचं लक्षातच आलं नव्हतं. जाते उद्या पहिल्या लोकलने. मॅग्सल्फ राहिलं पण.

लेबररूम_नाईट
लिहून घे. अँप्यूल ५० टक्के, म्हणजे २ मिलीत १ ग्रॅम. पूर्ण लोडिंग (सुरुवातीचा मोठा डोस) १४ ग्रॅम. त्यातले ४ शिरेतून: ८ मिली औषध आणि १२ मिली सलाईन, २० मिली करून हळूहळू. उरलेले १०, दोन्ही कुल्ल्यांत ५-५, खोल स्नायूत. पुढे दर ४ तासांनी ५, बाजू बदलून. तुझे ४, ५, १० हे असे आहेत.

पुस्तकी_किडा
एएनएमला शिरेतलं नसतं. उपकेंद्रात ती फक्त स्नायूतले १० देते आणि पेशंट पुढे पाठवते. तू जीएनएम आहेस, पण कम्युनिटीच्या व्हायव्हात हाच प्रश्न उलटा येतो.

निवृत्त_सिस्टर
डोस सगळ्याच पाठ करून येतात. एक्सटर्नल विचारते पुढच्या डोसच्या आधी काय बघाल. गुडघ्याचा झटका येतोय का, श्वास मिनिटाला १६ च्या खाली नाही ना, लघवी तासाला किमान ३० मिली होतेय ना. यातलं एक जरी कमी असेल तर डोस थांबव. आणि उशाशी कॅल्शियम ग्लुकोनेट (मॅग्सल्फवरचा उतारा) १ ग्रॅम भरून ठेवलेलं असलंच पाहिजे. ट्रे सेट करायला सांगितला तर तो आधी ठेव, रिफ्लेक्स हॅमर पण ठेव. त्यावरून कळतं मुलीने एक्लॅम्प्सियाची (त्या आकडीची) पेशंट बघितलीय की नुसतं वाचलंय.

कल्याण_स्लो
सलाईनचे थेंब पण विचारतात. ५०० मिली ४ तासांत द्यायचं. बायको म्हणते मिनिटाला ३१.

पुस्तकी_किडा
मिलीला २० थेंबांच्या सेटला ४२ येतात. ३१ हे १५ च्या सेटचं. पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचून मग गणित करायचं.

कल्याण_स्लो
बायको म्हणते तिला माहीत आहे, मीच नीट सांगितलं नाही.

टोरांटोकर
इथे पंप असतो, थेंब मोजायला लागत नाहीत. पण गणित परीक्षेत येतंच.

मुलुंडचा_मुलगा
विषयाला सोडून विचारतो, सॉरी. आईचं बीपी घरच्या मशीनवर १५० दाखवतं आणि डॉक्टरांकडे १३०. कुठलं खरं?

निवृत्त_सिस्टर
कफ दंडाच्या मानाने लहान असेल तर जास्त दाखवतो. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, मग मोजा. मशीन पुढच्या वेळी डॉक्टरांकडे घेऊन जा, तिथेच दोन्ही पडताळून घ्या. आणि वेगळा धागा काढा.

थर्डइयर_त्रस्त
अपडेट: रजिस्टरात सगळ्या नोंदी सापडल्या. एका ठिकाणी माझं आडनाव चुकीचं लिहिलं होतं, पण तारीख आणि पेशंट जुळले. प्राचार्या मॅडमनी आधी झाडलं, मग स्वतः बसून सह्या केल्या. मॅग्सल्फ पाठ झालंय, गुडघ्यासकट. कुणाकडे आणखी प्रश्न असतील तर आज रात्रीपर्यंत टाका, उद्या मी फोन बंद ठेवणार आहे. जर्मनवाल्यांनी थांबा.

जर्मन_बी२
थांबलो. नवीन बॅच पुढच्या महिन्यात आहे.