२०४२ नंतर काय? डिस्नीच्या व्हेकेशन क्लबात आता पैसे घालावेत का?

एडिसनचा_बाबा

आमच्या घरी गेले तीन आठवडे एकच वाद चालू आहे. मोठा दहा वर्षांचा, धाकटी सहाची. ऑर्लँडोला दोनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा जाणार हे नक्की. बायको म्हणते, जाणारच असू तर दरवेळी हॉटेलवाल्याला पैसे कशाला, डीव्हीसी घेऊन टाकू. मी अडून बसलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिस्ने व्हेकेशन क्लब, म्हणजेच डीव्हीसी, १९९१ साली ऑर्लँडोतल्या एका रिसॉर्टपासून सुरू झाला, त्यालाच आता ओल्ड की वेस्ट म्हणतात. एकरकमी पैसे भरून तुम्ही ठरावीक पॉइंट घेता, ते दरवर्षी नव्याने मिळतात, आणि त्यांतून खोली बुक करता. शिवाय देखभालीची वार्षिक वर्गणी वेगळी. आपलं 'घरचं' रिसॉर्ट ११ महिने आधी बुक करता येतं, बाकीची ७ महिने आधी. पण प्रत्येक कराराला शेवटची तारीख आहे. ओल्ड की वेस्ट, बोर्डवॉक, बीच क्लब, वाइल्डरनेस लॉजमधलं बोल्डर रिज, व्हेरो बीच आणि हिल्टन हेड या सहा ठिकाणचे मूळ करार ३१ जानेवारी २०४२ ला संपतात. जमीन कंपनीची, इमारतही तिच्याकडे परत.

माझं मत सरळ सांगतो. कंपनी म्हणून त्यांचं भविष्य उत्तम आहे, क्लब म्हणून नाही. १९ जानेवारी २०१९ नंतर ज्याने जुन्या सभासदाकडून करार विकत घेतला, त्याला रिव्हिएरात आणि त्यानंतरच्या नव्या रिसॉर्टांत पॉइंट वापरता येत नाहीत. आणि रिव्हिएराचाच करार असा सेकंडहँड घेतला, तर तो फक्त रिव्हिएरात चालतो. डिस्नेलँड हॉटेलच्या व्हिला आणि फोर्ट वाइल्डरनेसच्या केबिन्सही त्याच माळेत. एकेकाळी एक किल्ली सगळी कुलपं उघडायची, आता प्रत्येक दाराला वेगळं कुलूप बसतंय. नवा करार घेऊन मी उद्या विकायला निघालो, तर गिऱ्हाईक कोण?

म्हणून घ्यायचंच झालं तर सॅराटोगा स्प्रिंग्जचा जुना करार, २०५४ पर्यंतचा. नवा नाही. कोणाला पटत नसेल तर झोडपा.

ऑर्लँडोवारी

झोडपतेच. आम्ही २००९ पासून सभासद आहोत.

बाबा, तुमची 'कुलपं' अर्धीच खरी. ग्रँड फ्लोरिडियन रिसॉर्टमध्ये २०२२ साली आख्खी जादा इमारत आली, पॉलिनेशियनला डिसेंबर २०२४ मध्ये नवा टॉवर आला. दोन्ही त्या-त्या रिसॉर्टाच्या जुन्याच असोसिएशनमध्ये (मालकी असलेल्या सभासदांच्या संघात) सामील केले, म्हणजे सेकंडहँड सभासदांनाही ते खुले. नवं ते सगळं कुलूपबंद, असं काही धोरण दिसत नाही.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. एखाद्या रिसॉर्टाचे वर्षभराचे एकूण पॉइंट कंपनीला वाढवता येत नाहीत. नाताळचे वाढवले तर सप्टेंबरचे कमी करावे लागतात. २००९ मध्ये आम्ही जेवढ्या पॉइंटांत आठवडाभर राहायचो, जवळपास तेवढ्यातच आजही राहतो. हॉटेलचा दर तेव्हा काय होता आणि आज काय आहे, ते तुम्हीच बघा.

शिवाय स्वयंपाकघर! सासू-सासरे पुण्याहून आले तेव्हा आम्ही दोन बेडरूमची व्हिला घेतली होती. सासऱ्यांना सकाळी सातला पोहे आणि दुपारी वरणभात. मॅजिक किंगडममध्ये अकरापर्यंत हिंडायचं, परत येऊन कुकर लावायचा, जेवून झोपायचं, संध्याकाळी पुन्हा जायचं. हे सुख हॉटेलच्या खोलीत कुठे? (स्टुडिओत फक्त मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज असतो, तेव्हा स्टुडिओ घेऊन कुकर नेऊ नका.)

खडूस_हिशेबनीस

भावना बाजूला ठेवून पाटी-पेन्सिल घ्या.

१५० पॉइंट धरू. कंपनीकडून नवे घेतले तर पॉइंटला २०० डॉलरच्या वर, म्हणजे कमीत कमी ३०,००० डॉलर. सॅराटोगाचे जुने साधारण शंभराच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे १५,०००. वर्गणी ऑर्लँडोत पॉइंटला साधारण ८ ते १० डॉलर, ९ धरली तर वर्षाला १,३५०.

विक्रेता म्हणतो, रिव्हिएरा २०७० पर्यंत, ३०,००० भागिले ४४, वर्षाला फक्त ६८२ डॉलर. इथेच फसगत होते. पैसे आज जातात, ४४ वर्षांत हप्त्याहप्त्याने नाही. तेच ३०,००० चार टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १,२०० व्याज. म्हणजे पहिल्या वर्षाचा खरा खर्च ६८२ + १,२०० + १,३५० = ३,२३२. सॅराटोगाचा २८ वर्षांसाठी ५३६ + ६०० + १,३५० = २,४८६. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा कळते. आणि कंपनीकडून कर्ज काढून घेणार असाल तर हा धागा वाचूच नका.

वर्गणी वर्षाला ४ टक्क्यांनी वाढली तर १८ वर्षांत दुप्पट. ऑर्लँडोवारी ताई, तुमचे पॉइंट तेवढेच राहिले, वर्गणी राहिली का?

देवगडची_कलमं

मला डिस्नेतलं काही कळत नाही, मुलगी तिकडे असते म्हणून वाचतोय. पण हा प्रकार ओळखीचा वाटला. आमच्याकडे कलमं कराराने देतात. मोहोर, आंबा, फायदा-तोटा घेणाऱ्याचा. फवारणी त्याची, राखण त्याची. करार संपला की बाग मालकाची, झाडं आणखी थोर झालेली. यांच्यात एवढाच फरक की घेणाऱ्याने कलम लावायचेही पैसे दिलेले दिसतात.

गिरगावकर

मी म्हणणार होतो, ही तर पागडी!

खडूस_हिशेबनीस

पागडी नव्हे हो. पागडीत भाडं गोठलेलं असतं आणि भाडेकरू मालकाला घाम फोडतो. इथे वर्गणी वाढतच जाते आणि घाम भाडेकरूला. देवगडच्या काकांची उपमा चपखल आहे. कागदोपत्री तुम्हाला 'डीड' मिळतं, स्थावर मालमत्तेचा हिस्सा मिळतो, पण तो भाडेपट्ट्याचा.

ऑर्लँडोवारी

वर्गणी वाढली, मान्य. पण ती कशाची? रंगरंगोटी, नोकरांचे पगार, विमा, मालमत्ता कर. हॉटेलात राहिलात तरी ते पैसे तुम्हीच देता, फक्त बिलावर वेगळे दिसत नाहीत.

टॅम्पाकर

मालमत्ता कराचा विषय निघालाच आहे तर. १९६७ पासून डिस्नेच्या जमिनीचा कारभार रीडी क्रीक नावाच्या खास जिल्ह्याकडे होता, म्हणजे जवळजवळ कंपनीच्याच हातात. २०२३ मध्ये फ्लोरिडा सरकारने तो ताब्यात घेतला, नाव बदललं, राज्यपालांनी मंडळ नेमलं. २०२४ मध्ये भांडण मिटलं आणि जूनमध्ये १५ वर्षांचा करार झाला. त्यात कंपनी पुढल्या १० ते २० वर्षांत १७ अब्ज डॉलरपर्यंत गुंतवेल, असं आहे. सभासदाला याचं काय? त्या जिल्ह्याचा कर तुमच्या वर्गणीत येतो. तिथे काय ठरतं यावर तुमचं नियंत्रण शून्य, बिल मात्र तुमच्या नावावर.

आता दुसरी बाजू. एवढा पैसा तिथे ओतायचा ठरलाय म्हणजे पार्क ओस पडणार नाहीत. मे २०२५ मध्ये ऑर्लँडोतच युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क उघडलं, तेव्हा आता डिस्नेलाही स्वस्थ बसता येणार नाही. स्पर्धा वाढली की सभासदाचं भलंच होतं.

एडिसनचा_बाबा

ताई, 'एकूण पॉइंट वाढवता येत नाहीत' याला एक जोड हवी. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनी २०२० सालचे, कोणत्या खोलीला किती पॉइंट लागतील त्याचे तक्ते काढले होते. दोन बेडरूमची व्हिला मधलं दार बंद करून स्टुडिओ आणि एक बेडरूम अशी फोडता येते ना? त्यात सुटे पॉइंट वाढवले, जोडीचे तसेच ठेवले. सभासदांनी आरडाओरडा केला आणि जानेवारी २०१९ मध्ये तक्ते मागे घेतले. आरडाओरडा झाला नसता तर? आणि सेकंडहँड करारांवरची बंधनंही त्याच महिन्यात आली. एका हाताने सोडलं, दुसऱ्या हाताने घेतलं.

ऑर्लँडोवारी

मागे घेतले ना? मग? आपल्या सोसायटीच्या कमिटीने एकदा लावलेली वर्गणी कधी मागे घेतलेली बघितलीत का?

सान्वीची_आई

मला एक वेगळाच प्रश्न पडतो. आम्ही एच-वन-बीवर आहोत. ग्रीन कार्डाच्या रांगेत किती वर्षं जातील ते देवाला ठाऊक. व्हिसा तीन वर्षांचा आणि करार २०७० चा! सान्वी आज चार वर्षांची आहे, करार संपेल तेव्हा ती पन्नाशीला टेकलेली असेल. उद्या नोकरी गेली आणि बाडबिस्तरा गुंडाळून नाशिकला परतलो, तर तिथून दरवर्षी १,३५० डॉलर वर्गणी भरायची?

ठाण्याच्या माझ्या मामांनी एका हॉलिडे क्लबचं २५ वर्षांचं सभासदत्व घेतलं होतं. गणपतीत, दिवाळीत, मे महिन्यात, कधी म्हणून खोली मिळाली नाही. वर्गणी मात्र वेळेवर यायची. शेवटी विकायला गेले तर कोणी फुकट घेईना. तेव्हापासून आमच्या घरात 'पॉइंट' हा शब्द काढला की मामी उठून आत जाते.

ऑर्लँडोवारी

मामींचा राग समजू शकते, पण इथे खरंच फरक आहे. बरेच टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घराचे असे वाटून घेतलेले हिस्से, विकायला गेलं की एक डॉलरलाही जात नाहीत. डीव्हीसीचे करार विकले जातात, भाव मिळतो. कारण प्रत्येक विक्रीत पहिला हक्क कंपनीचा असतो, फार स्वस्त जायला लागलं तर ती स्वतःच उचलू शकते. घर बदललं, देश बदलला, तर विकून मोकळं होता येतं. आणि फ्लोरिडात सही केल्यावरही दहा दिवसांत रद्द करता येतं.

खडूस_हिशेबनीस

आज विकले जातात. २०४२ वाले २०३८ मध्ये किती भावाने विकले जातील? चार आंबे राहिलेली पेटी पूर्ण पेटीच्या भावाने कोणी घेत नाही.

आता धाग्याचा मूळ प्रश्न, तो सगळे विसरलेत. २०४२ ला काय होणार? हा माझा अंदाज, ज्योतिष नाही.

ओल्ड की वेस्टला त्यांनी एकदा मुदतवाढ देऊन पाहिली. पॉइंटमागे पैसे भरले की २०४२ चे २०५७. काहींनी घेतली, काहींनी नाही. आता एकाच इमारतीत काहींचा हक्क २०४२ ला संपणार आणि काहींचा २०५७ ला. इमारत पाडता येत नाही, नव्याने पूर्ण विकताही येत नाही. हा गुंता पुन्हा कोण करेल? त्यानंतर दुसऱ्या कुठल्या रिसॉर्टाला अशी वाढ दिली नाही, यातच काय ते समजा.

बोर्डवॉक आणि बीच क्लब एपकॉट या पार्कपासून पायी अंतरावर आहेत, ती जागा सोन्याची. तिथे मुदतवाढ मिळणार नाही. परत घेतील, आतून नवं करतील आणि नव्या भावाने, नव्या बंधनांसह, पन्नास वर्षांसाठी विकतील. तुम्ही इमारतीचे पैसे एकदा दिलेत, तुमची मुलं दुसऱ्यांदा देतील. व्हेरो बीच आणि हिल्टन हेड पार्कपासून लांब समुद्रकाठी आहेत, वर्गणी जड आहे, तिथे मला क्लब पुढे चालेल असं वाटत नाही.

म्हणून बाबांशी मी निम्मा सहमत. क्लब मरणार नाही. दर काही वर्षांनी नवा जन्म घेईल, आणि मागच्या जन्मीच्या सभासदांना ओळख दाखवणार नाही.

ऑर्लँडोवारी

तुम्ही २०४२ चं रडगाणं गाताय, पण ज्याने १९९१-९२ मध्ये पॉइंटला ५० डॉलरच्या आसपास दिले, त्याचं पन्नास वर्षं सोनं झालं की नाही? करार संपणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आंबे खाऊन झाल्यावर कलम माझं का नाही म्हणून रडायचं नसतं, काका सांगतीलच.

देवगडची_कलमं

बरोबर आहे. पण पहिल्याने पन्नासला घेतलं, आज दोनशेला देतायत. आंबा तोच ना?

एडिसनचा_बाबा

हा शेवटचा प्रश्न मी बायकोला जसाच्या तसा वाचून दाखवला. ती म्हणाली, आंबा तोच, पण मुलं दहाची आणि सहाची परत होणार नाहीत. आता बोला.

तूर्त ठरलंय ते असं. नवा करार नाही. सॅराटोगाचे १०० पॉइंट बघतोय, कर्ज न काढता जमले तरच. मोठा कॉलेजला गेला की विकून टाकायचे, २०५४ ची वाट बघायची नाही. ताई, तुमच्याशी मतभेद कायम, पण कुकरचा मुद्दा घरात जिंकलाय.

सान्वीची_आई

करार वगैरे आम्ही घेणार नाही, ते ठरलं. पण सभासद आपले उरलेले पॉइंट भाड्याने देतात असं ऐकलंय. धंदा म्हणून देणाऱ्यांवर हल्ली कंपनीची नजर असते म्हणे, घरगुती चालतं ना? ऑर्लँडोवारी ताई, तुमचे नोव्हेंबरचे काही शिल्लक आहेत का? चार रात्री, स्टुडिओ चालेल. कुकर आणणार नाही.