प्रतिकारशक्तीचा जोर आणि फुफ्फुसांतील दाह

प्रतिकारशक्ती जितकी जोरदार तितका विषाणूजन्य न्यूमोनिया सौम्य, असे मत अनेकदा मांडले जाते; ते अर्धेच खरे आहे. संसर्गाच्या सुरुवातीला वायुकोशांतील (फुफ्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांतील) मॅक्रोफेज आणि डेन्ड्रायटिक पेशी, म्हणजे पहारा देणाऱ्या प्रतिकारपेशी, विषाणूची चाहूल लागताच इंटरफेरॉन ही इशारा देणारी प्रथिने स्रवतात, त्यामुळे आसपासच्या पेशी सावध होतात आणि विषाणूची वाढ रोखली जाते. हा प्रतिसाद वेळेवर येणे फार मोलाचे आहे. अतिगंभीर कोविडच्या सुमारे 10 टक्के रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे असल्याचे 2020 मध्ये आढळले होते. पहिला बचाव असा तोकडा पडला, की रक्तातील मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी फुफ्फुसांत मोठ्या संख्येने उतरतात, वायुकोशांच्या नाजूक अस्तराला इजा होते, तेथे द्रव साठतो, आणि विषाणू ओसरू लागल्यावरही प्राणवायूची पातळी घसरत राहू शकते.

कोविडवरील उपचार तपासणाऱ्या ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष मला या संदर्भात सर्वांत बोलके वाटतात. डेक्सामेथासोन या दाह कमी करणाऱ्या स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे 28 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण 41.4 वरून 29.3 टक्क्यांवर आले. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना मात्र लाभ दिसला नाही. त्यामुळे ताप आल्या आल्या मनाने स्टिरॉइड सुरू करणे धोक्याचे आहे, विशेषतः मधुमेहींसाठी. 2021 मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे (बुरशीच्या गंभीर संसर्गाचे) रुग्ण वाढले, त्यामागे अनियंत्रित रक्तशर्करा आणि स्टिरॉइडचा अवाजवी वापर ही प्रमुख कारणे होती.