ओट्सच्या कुकीज: कॅलरी कमी हव्यात, पण कुकी कुकीसारखीच लागली पाहिजे

रिकामा डबा:

ओट्सच्या कुकीज घरी करायच्या आहेत आणि त्या कमी कॅलरीच्या हव्यात. बटरऐवजी कुस्करलेलं केळं किंवा सफरचंदाचा गर घाला, साखरेच्या जागी एरिथ्रिटॉल घाला, अंड्याचा फक्त पांढरा भाग घ्या, अशा पाककृती ढिगाने सापडतात. त्या करून बघितल्या. ओव्हनमधून निघताना बऱ्या दिसतात, पण गार झाल्या की वरून चिवट आणि आतून ओलसर. दुसऱ्या दिवशी डब्यात एकमेकींना चिकटलेल्या असतात. केळ्याच्या असतील तर केळ्याशिवाय दुसरी चव लागत नाही. एरिथ्रिटॉलच्या असतील तर जिभेला गारगार लागतं आणि रंग तर येतच नाही.

मला हवी आहे ती कुकी अशी: कड कुरकुरीत, मधला भाग चावताना जरा मऊ, फळाची आंबटगोड चव ठळक आणि बदाम-अक्रोडाचा खमंगपणा. मी सध्या वजन उतरवते आहे आणि दिवसभराचं खाणं लिहून ठेवते. संध्याकाळी काहीतरी गोड खावंसं वाटतं. तेव्हा एक कुकी खाल्ली आणि जीव शांत झाला, इतकंच मागणं आहे. बेचव कुकी खाल्ली की पुन्हा डब्याकडे हात जातो आणि सगळा हिशेब कोलमडतो. एका कुकीला 80-85 कॅलरी चालतील. मग काय कमी करायचं आणि कशाला हातच लावायचा नाही? घरी साधा ओव्हन आणि वजनकाटा आहे.

खरपूस:

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. एक कुकी खाऊन जीव शांत व्हायला हवा. म्हणून मी बटर, साखर आणि अंड्याचा बलक यांतलं काहीही पूर्ण काढत नाही. बटर आणि साखर निम्म्यावर आणायची आणि उरलेल्यातून जास्तीत जास्त चव काढायची.

आधी कारण सांगते, म्हणजे पुढे तुम्हाला स्वतःला बदल करता येतील. बटरमध्ये साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो, पाणी सोळा-सतरा टक्के. केळ्यात जवळजवळ 75 टक्के पाणी, सफरचंदाच्या गरात त्याहून जास्त. म्हणजे बटर काढून केळं घालतो तेव्हा आपण तूपट पदार्थाच्या जागी पाणी ओततो. ते पाणी ओट्स शोषून घेतात, पिठातलं ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं प्रथिन, त्यावर तयार होतं, आणि स्निग्धांश नसल्यामुळे त्याला अडवणारं काही उरत नाही. चिवटपणा तिथून येतो. साखरेचंही तसंच. ती नुसती गोडीसाठी नसते. ओव्हनमध्ये ती वितळते म्हणून कुकी पसरते, गार होताना घट्ट होते म्हणून कड कुरकुरीत होते, आणि रंग चढतो त्यातही तिचा मोठा वाटा असतो. एरिथ्रिटॉल या तपकिरी होण्याच्या क्रियेत भागच घेत नाही आणि गार झाल्यावर पुन्हा खडे धरतं. तोंडाला गार लागतं तो त्याचा गुणधर्मच आहे, तुमच्या हातात काही कमी नाही.

आता माझं प्रमाण. रोल्ड ओट्स 120 ग्रॅम, गव्हाचं पीठ 60, बटर 50, ब्राऊन शुगर 60, एक आख्खं अंडं, बदाम 30, सुके जर्दाळू 50, एका संत्र्याची किसलेली साल, दोन मोठे चमचे संत्र्याचा रस, पाव छोटा चमचा बेकिंग सोडा, पाव छोटा चमचा मीठ, थोडी दालचिनी. सगळ्याच्या मिळून साधारण 1625 कॅलरी होतात. 20 कुकीज केल्या तर एक 81च्या आसपास.

सगळ्यात आधी ओट्स भाजा. हे टाळू नका. ट्रेवर पसरून 170 अंशांवर आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा हलवून. कच्च्या ओट्सना पुठ्ठ्यासारखी एक चव असते, ती जाते आणि भाजल्या दाण्यांचा वास सुटतो. त्याच ट्रेच्या कोपऱ्यात बदामही भाजून घ्या. इथे एकाही कॅलरीची भर न घालता चव दुप्पट होते, म्हणून मी याबद्दल एवढी आग्रही आहे. भाजलेल्या ओट्सपैकी तिसरा हिस्सा मिक्सरमधून बारीक फिरवा, बाकीचे तसेच ठेवा. ती पूड मिश्रण बांधून ठेवते, त्यामुळे गव्हाचं पीठ कमी लागतं.

ओट्स ओव्हनमध्ये असताना बटर छोट्या भांड्यात मंद आचेवर ठेवा. आधी ते वितळेल, मग तडतडायला लागेल, ते त्यातलं पाणी उडत असतं. तडतड कमी होऊन फेस आला की भांड्यावरून नजर हटवायची नाही. तळाशी बारीक कण दिसायला लागतात, आधी पिवळे, मग बदामी. भाजलेल्या सुक्यामेव्यासारखा वास आला की लगेच दुसऱ्या वाडग्यात ओता, तळाच्या कणांसकट, कारण खरी चव त्या कणांतच आहे. गरम भांड्यात राहू दिलं तर अर्ध्या मिनिटात करपतं. असं 50 ग्रॅम बटर साध्या बटरपेक्षा कितीतरी जास्त बोलतं.

साखरेत संत्र्याची साल घालून बोटांनी चोळा. साखरेचे कण सालीतलं तेल ओढून घेतात, साखर ओलसर आणि केशरी होते, आणि वास हाताला लागून राहतो. साल किसताना फक्त वरचा रंगीत थर घ्या, खालचा पांढरा कडू असतो. जर्दाळू बोटाच्या पेराच्या चौथाईएवढे चिरा आणि त्या दोन चमचे रसात वीस मिनिटं ठेवा. कोरडे जर्दाळू मिश्रणातलं पाणी ओढतात आणि कुकी भुरभुरीत होते, म्हणून आधीच त्यांची तहान भागवायची. उरलेला रस मिश्रणातच जाऊ दे, बटरमधलं उडालेलं पाणी त्यातून थोडं भरून निघतं.

बटर कोमट झालं की त्यात साखर आणि अंडं घालून चांगलं फेटा, मग कोरडं साहित्य, शेवटी फळ आणि बदाम. पीठ गेल्यावर जास्त घोटायचं नाही. आता मिश्रण झाकून अर्धा तास ठेवून द्या. सुरुवातीला सैल वाटेल आणि वरून आणखी पीठ घालावंसं वाटेल, पण घालू नका. ओट्स फुगतात आणि मिश्रण आपोआप आवळून येतं.

गोळे वजन करून घ्या, साधारण 22 ग्रॅमचा एक. कमी बटरच्या कुकीज स्वतःहून पसरत नाहीत, म्हणून ओल्या हाताने सेंटीमीटरभर जाडीच्या थापा. न थापता भाजल्या की मध्ये कणकेचा गोळा राहतो. बटर पेपरवर, 170 अंशांवर 12-13 मिनिटं. कड बदामी आणि मधला भाग दाबल्यावर अजून मऊ लागत असतानाच बाहेर काढायच्या. पाच मिनिटं ट्रेवर, मग जाळीवर. पूर्ण भरलेल्या बटरची कुकी दोन मिनिटं जास्त राहिली तरी खपून जाते. ही दोन मिनिटांत कोरडी ठणठणीत होते.

आणि बलक काढू नका. अंड्याच्या 72 कॅलरींपैकी 55 बलकात असतात हे खरं, पण वीस कुकीजमध्ये वाटल्या तर प्रत्येकीला तीनही येत नाहीत. तेवढ्यासाठी मऊपणा घालवायचा का? नुसत्या पांढऱ्याने कुकी कोरडी पडते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बटर-साखर निम्मी करूनही त्याच वजनाच्या नेहमीच्या ओट्स कुकीच्या तुलनेत बचत पंधरा-वीस कॅलरींचीच होते, कारण ओट्स, पीठ आणि सुकामेवा यांच्याही कॅलरी असतातच. खरा फरक आकाराने पडतो. बेकरीतली तळहाताएवढी कुकी सहज याच्या तिप्पट वजनाची असते. म्हणून लहान करा, पण अशी करा की एक पुरेल.

केळीवाली:

खरपूस यांची पाककृती छानच आहे, पण केळ्याला इतकं हिणवू नका! माझ्या घरी दर आठवड्याला केळ्याच्याच होतात आणि त्यात साखर, बटर, अंडं, पीठ काहीच नसतं. साल काढून 200 ग्रॅम अगदी पिकलेलं केळं, सालीवर काळे ठिपके आलेलं, 120 ग्रॅम ओट्स, 30 ग्रॅम अक्रोड, 30 ग्रॅम मनुका, चिमूट मीठ, दालचिनी. 16 पातळ कुकीज, 175 अंशांवर पंधरा मिनिटं. एक कुकी 60 कॅलरींच्या आत बसते.

कुरकुरीतपणाची अपेक्षा ठेवली तर निराशा होणार, हे मात्र मान्य. ह्या मऊच असतात आणि त्याच दिवशी खाव्यात. माझी लहान मुलगी खाते, तिच्यासाठी मला साखर नकोच असते, त्यामुळे माझं गणित वेगळं आहे.

खरपूस:

हिणवत नाही, तुमच्या कामाला ती योग्यच आहे. फक्त बटरच्या कुकीची जागा ती घेऊ शकत नाही, एवढंच म्हणणं. एक सुचवते: कुस्करलेलं केळं नॉनस्टिक भांड्यात मंद आचेवर परतून जरा आटवून घ्या, रंग गडद होईपर्यंत. पाणी कमी झालं की कुकी एवढी ओलसर राहत नाही आणि केळ्याच्या कच्चट वासाऐवजी खमंग गोडी येते.

मोजूनमापून:

सुक्यामेव्याबद्दल थोडं. कॅलरी मोजणारे पहिल्यांदा बदाम-अक्रोड उडवतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पाकिटावरचे आकडे स्निग्धांश, प्रथिनं आणि कर्बोदकं यांना ठरलेल्या आकड्यांनी गुणून काढलेले असतात. प्रत्यक्षात आख्ख्या बदामाच्या पेशींच्या भिंती चावूनही पुऱ्या फुटत नाहीत आणि त्यातलं काही तेल न पचताच बाहेर जातं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी 2012 मध्ये हे माणसांवर मोजलं: 28 ग्रॅम बदामातून 170च्या आसपास धरल्या जाणाऱ्या कॅलरींऐवजी 129च मिळाल्या. 2016 मध्ये अक्रोडासाठी 185च्या जागी 146 निघाल्या.

कुकीसाठी यातून कामाचं काय? बदाम जितके बारीक कराल तितका हा फायदा कमी होत जातो. त्याच चमूच्या पुढच्या मोजणीत बदामाच्या बटरमध्ये तो जवळपास उरलाच नाही. म्हणजे बदामाची पूड किंवा बदाम बटर घातलेली कुकी आणि जाडसर तुकड्यांची कुकी, कागदावर सारखी असली तरी शरीराला सारखी नाही. भाजल्यानेही थोडा फरक पडतो, पण चवीसाठी भाजाच. मी बदाम आडवे दोन-तीन तुकड्यांत कापतो आणि थोडे बाजूला ठेवून थापलेल्या कुकीवर वरून दाबतो. पहिल्याच घासाला दाताखाली बदाम आला की कुकी भरगच्च वाटते. वहीत मात्र मी पाकिटावरचाच आकडा लिहितो, हिशेब थोडा वरचा राहिलेला बरा.

सुक्या क्रॅनबेरी घेणार असाल तर पाकीट वाचा, त्यांत बहुतेक वेळा साखर घातलेली असते. जर्दाळूत सहसा नसते, आणि 100 ग्रॅमला 240च्या आसपास कॅलरी म्हणजे मनुकांपेक्षाही कमी.

रिकामा डबा:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बटर पूर्ण काढायचं नाही हे वाचून खरंच हायसं वाटलं. या रविवारी खरपूस यांच्या प्रमाणाने करते. दोन शंका आहेत. स्ट्रॉबेरीची चव हवी असेल तर ताजी चिरून घातली तर चालेल का? आणि वीस कुकीज एकदम डब्यात असल्या की माझा निभाव लागणार नाही. मिश्रण ठेवता येतं का?

खरपूस:

ताजी स्ट्रॉबेरी नको, तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि तिच्याभोवती ओला खड्डा पडतो. फ्रीझ-ड्राय केलेली, म्हणजे गोठवून पाणी काढून टाकलेली, मिळाली तर ती घ्या. हाताने चुरून दोन मोठे चमचे घातली तरी चव उसळून येते आणि पाण्याचा प्रश्नच नाही. तिचा डबा उघडा ठेवू नका, हवेतला ओलावा लागून लगेच सादळते. तिच्यासोबत संत्र्याऐवजी लिंबाची साल आणि बदामाऐवजी पिस्ते घ्या. सफरचंद आणि अक्रोड हवं असेल तर सफरचंद किसून घट्ट पिळा, आणि अक्रोड भाजताना बदामापेक्षा दोन मिनिटं आधी काढा, त्याचं तेल लवकर कडवट होतं.

मिश्रण जरूर ठेवा. अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर गोळे करून थापा, ट्रेवर सुटे ठेवून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या, मग पिशवीत भरा. दोन-तीन महिने चांगले राहतात. रोज हव्या तेवढ्याच काढायच्या आणि न वितळवता थेट गरम ओव्हनमध्ये, दोन मिनिटं जास्त देऊन. भाजलेल्या उरल्याच तर पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा, आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या तर 150 अंशांवर चार-पाच मिनिटं ठेवल्या की कड परत कुरकुरीत होते.